दुसऱ्यांदा हात घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यात अस्थिरोग शाखेत शिकणाऱ्या एका निवासी डॉक्टरांना एकाच आठवड्यात तीन ठिकाणी रिव्हिजनला, म्हणजे झालेल्या कामात फेरबदल करण्याला, सामोरे जावे लागले. गाईडने थिसिसचा मसुदा लाल शाईने भरून परत दिला. राउंडवर एका रुग्णाचे निदान बदलले गेले. आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीत मांडीच्या हाडाची तुटलेली प्लेट काढून पुन्हा फिक्सेशन करायची, म्हणजे हाड पुन्हा घट्ट बसवायची, केस लागली, पहिले ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेले. ते विचारतात, या तिन्ही गोष्टी मुळात एकच आहेत का? आणि रिव्हिजन म्हणजे आधीच्याने चूक केली असे समजायचे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे म्हणून ते आधी: तसे समजू नका. कधी चूक असते, बऱ्याचदा नसते, आणि केस यादीत लागते त्या दिवशी ती होती की नव्हती हे ठरवण्याइतकी माहिती तुमच्याकडे बहुधा नसतेच.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. माझ्या मते तिन्हींतले काम एकच: पहिला प्रयत्न का फसला ते आधी शोधायचे, मग हात घालायचा. फरक किमतीचा आहे. कागदावरचा फेरबदल जवळजवळ फुकट पडतो. निदानाचा फेरविचार एखाददुसऱ्या तपासणीच्या आणि थोड्या अहंकाराच्या किमतीत होतो. सुरीने केलेला फेरबदल मात्र रुग्णाचे रक्त, हाड, पैसा आणि कित्येक महिने घेतो. गंमत अशी की आपली सवय नेमकी उलटी आहे. पुन्हा ऑपरेशन करायला आपण चटकन तयार होतो, फाइलच्या पहिल्या पानावरचे निदान बदलायला कां-कूं करतो, आणि स्वतः लिहिलेला परिच्छेद खोडायचा म्हटले की जिवावर येते.

तुमची प्लेटची केसच घेऊ. असा एक्स-रे वाचायला नातेवाइकांना डॉक्टर लागत नाही. धातूची पट्टी मधोमध तुटलेली लख्ख दिसते. मग विचारतात, "पलेट हलकी व्हती का, डाक्टर?" निवासी डॉक्टरांच्याही मनात जरा शुद्ध भाषेत हाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून आणखी जाड, आणखी लांब प्लेट मागवली जाते.

पण प्लेट जन्मभर भार वाहायला बनवलेलीच नसते. हाड जुळेपर्यंत ती तात्पुरता भार घेते. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला ती किंचित वाकते आणि सरळ होते. हाड वेळेत जुळले की भार हाडावर जातो आणि प्लेट नुसती पडून राहते. नाही जुळले तर तीच पट्टी पुन्हापुन्हा वाकून धातू थकतो आणि एक दिवस, विशेष काही न घडता, तुटतो. रुग्ण सांगतो की मी नुसता खाटेवरून उठलो. तो खरेच सांगत असतो. म्हणजे प्लेट तुटली म्हणून हाड जुळले नाही, हा घरच्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. हाड जुळले नव्हते म्हणून प्लेट तुटली. जाड प्लेटने तुटण्याची तारीख तेवढी पुढे जाते.

मग हाड का जुळले नाही? इथे वेबर आणि चेक यांनी १९७६ मध्ये मांडलेली विभागणी अजून कामाला येते. फ्रॅक्चरच्या दोन्ही टोकांना भरपूर नवे हाड आलेले आहे पण मधली रेघ तशीच आहे, तर शरीराने आपले काम केले आहे. तिथे हालचाल जास्त होत होती. घट्ट फिक्सेशन दिले की बऱ्याचदा बोन ग्राफ्ट (दुसरीकडचे हाड आणून भरणे) सुद्धा लागत नाही. उलट टोके निमुळती झाली आहेत, नवे हाड नावालाही नाही, तर नुसत्या धातूने काही साधणार नाही. तिथे कमरेच्या हाडातून ग्राफ्ट घ्यावा लागेल, रक्तातली साखर आणि ड जीवनसत्त्व बघावे लागेल, आणि विडी-तंबाखूबद्दल नीट खोदून विचारावे लागेल. (बायकांना मिशरीबद्दल वेगळे विचारा. तंबाखू खाता का म्हटले की नाही म्हणतात, कारण मिशरी त्यांच्या हिशेबी तंबाखूत येत नाही.)

तिसरी शक्यता सर्वांत चकवणारी. जखम बाहेरून कोरडी, ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, आणि आत मंद वाढणारे जंतू धातूवर थर धरून बसलेले. न जुळलेल्या हाडात, पूर्वी ऑपरेशन झालेले असेल तर, उलटे सिद्ध होईपर्यंत संसर्ग धरून चालायचे. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा. रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर नमुने घेण्याआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवा. आत गेल्यावर पाच-सहा वेगवेगळ्या जागांचे ऊतींचे तुकडे, प्रत्येक वेळी स्वच्छ हत्याराने, कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवा आणि लॅबला फोन करून सांगा की नमुने चौदा दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशी वाढ नाही म्हणून टाकून देऊ नका. वाहत्या जखमेच्या तोंडावरून घेतलेल्या एका स्वॅबवर विसंबून राहू नका. कातडीवरचे जंतू सापडतील आणि तुम्ही चुकीच्या शत्रूवर औषध चालवाल.

खान्देशातल्या वाचकाला हे समजावायला फार लांब जावे लागत नाही. मृगाच्या भरवशावर पेरले, पाऊस ओढला आणि शेत रिकामे राहिले की दुबार पेरणी आली. जाणता शेतकरी बियाण्याची दुसरी पिशवी फोडण्याआधी तासातली माती उकरून बघतो. बी कुजले, की मोड येऊन करपले, की ओल लागलीच नाही? तिन्हींत शेत वरून सारखेच दिसते आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

ऑपरेशनच्या बाबतीत माती उकरणे म्हणजे आधी रुग्णाची पिशवी उलगडणे. आपल्याकडचा रुग्ण सुरत, इंदूर, नाशिक अशी दोन-तीन गावे करून येतो आणि कॅरीबॅगमध्ये सगळे असते: वळ्या पडलेल्या एक्स-रे फिल्म, कोणत्याच संगणकावर न उघडणारी सीटी स्कॅनची सीडी, औषधांची बिले, आणि मुलाच्या मोबाइलवर एक्स-रेचे तिरके फोटो. हे सगळे तारखेप्रमाणे लावून बघायला अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास राउंडमध्ये कोणी देत नाही. तो द्या. पहिल्या ऑपरेशननंतर लगेचचा एक्स-रे, सहा आठवड्यांचा, तीन महिन्यांचा असे ओळीने लावले की कुठे सैल व्हायला लागले ते बहुतेकदा दिसते. ऑपरेशनची नोंद नसेल तर मागवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. पण अर्जाआधी त्या सर्जनला फोन करा. असे का केलेत, असे विचारू नका. आत काय दिसले होते, एवढेच विचारा. हाडाचे किती तुकडे होते, जखम उघडी होती का, कोणता स्क्रू नीट धरला नाही, हे ज्याने आत पाहिले तोच सांगू शकतो, आणि सन्मानाने विचारले की लोक सांगतात.

आधीचे का फसले हे शोधताना आधीचे सगळेच टाकून द्यायचा मोह होतो. त्यावर मी विद्यार्थ्यांना जॉन चार्नली यांची हकिगत सांगतो. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी खुब्याचा सांधा बदलण्याची पद्धत उभी केली. धातूचा लहान गोळा, त्याला घसरायला गुळगुळीत वाटी, दोन्ही सिमेंटने बसवलेले. वाटी टेफ्लॉनची होती. १९५८ च्या सुमारास सुरू झालेली ही ऑपरेशने सुरुवातीला फार छान चालली. सुमारे तीनशे रुग्णांना ती वाटी बसली. मग दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या, आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूला गाठी होऊन हाड खायला सुरुवात केली. ते सांधे पुन्हा उघडायचे काम चार्नलींनी स्वतः केले. १९६२ मध्ये यंत्रमागांचे गिअर विकणारा एक विक्रेता एका वेगळ्या प्लॅस्टिकचा नमुना घेऊन आला. चार्नलींना त्यात राम वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो झिजवण्याच्या यंत्रावर चढवला आणि तीन आठवड्यांनीही तो जेमतेम झिजलेला दिसला. ते पॉलिएथिलीन. चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन प्रतिक्रिया कशी येते तेही पाहिले.

यातला माझा मुद्दा त्यांच्या धाडसाचा नाही. त्यांनी बदलले काय आणि ठेवले काय ते बघा. लहान गोळा ठेवला, कमी घर्षणाची कल्पना ठेवली, सिमेंट ठेवले. वाटीचा पदार्थ तेवढा बदलला. कारण झिजलेली गोष्ट ती होती. तीनशे सांधे बिघडल्यावर अख्खी कल्पनाच फेकून द्यायला कोणीही तयार झाला असता, आणि मग आज आपल्याकडे मांडी घालून बसता येत नसले तरी शेतावर चालत जाणारे आबा दिसले नसते.

हेच शिस्तीने आजच्या रिव्हिजनमध्ये करायचे असते. खुब्याची वाटी सैल झाली आहे आणि धातूच्या गोळ्याला आधार देणारी मांडीतली दांडी घट्ट आहे, तर ती दांडी तुमच्या आवडत्या कंपनीची नाही एवढ्यासाठी उपटू नका. घट्ट बसलेली दांडी काढताना मांडीचे हाड फुटते आणि मग पुढच्या रिव्हिजनचे तुमचे स्वतःचे नवे कारण तयार होते. संसर्ग असेल तर गणित बदलते. तिथे जुने सगळे काढून, खराब ऊती स्वच्छ करून, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा तात्पुरती धरणारा ठोकळा) ठेवून, साधारण सहा आठवडे औषध देऊन, मग नवा सांधा बसवण्याची दोन टप्प्यांची रीत आहे. म्हणजे एकाच एक्स-रेला दोन पूर्ण वेगळी ऑपरेशने लागू पडतात आणि ती निवड सुरी उचलण्याआधीच्या तपासण्यांवर ठरते. आणि सांधा दुखतो पण का दुखतो ते सापडत नाही, अशा वेळी ऑपरेशन करायचे नाही. गुडघे बदलणाऱ्यांमध्ये हा नियम जुना आहे आणि तो मोडणाऱ्यांचे निकाल वाईट असतात. आधी खुबा तपासा, कंबर तपासा. खुब्याचे दुखणे गुडघ्यात उतरते हे पहिल्या वर्षाला पाठ असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत विसरलेले असते.

रिव्हिजनच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली, आणि पुन्हा ऑपरेशन लागले का हा मोजायला सोपा निकष धरला. त्यामुळे कोणते इम्प्लांट वाईट ते लवकर कळले, हे मोठे काम झाले. पण हा आकडा पुन्हा ऑपरेशन झालेल्यांचा आहे, त्रास असलेल्यांचा नाही. साक्रीकडचा एखादा म्हातारा काठी धरतो, दुखणे नशिबाचे म्हणतो आणि परत येत नाही. तो कोणत्याच टक्केवारीत बसत नाही. आमच्याकडे रिव्हिजन फार कमी होतात असे कोणी अभिमानाने सांगितले की मी फॉलोअपचे रजिस्टर मागतो.

काही उपचारांत फेरबदल मुळातच ठरलेला असतो, त्यात अपयशाचा प्रश्नच नाही. जन्मतः वाकडी पावले असलेल्या बाळांसाठी इग्नासिओ पोन्सेटी यांनी आयोवात बसवलेली रीत घ्या. दर आठवड्याला प्लास्टर काढायचे, पाऊल किती वळले ते हाताने बघायचे, थोडे पुढे नेऊन नवे प्लास्टर घालायचे. साधारण पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेची शीर तोडण्याचे छोटे काम, आणि मग चार वर्षांपर्यंत रात्री ब्रेस. ही रीत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली जायला १९९० चे दशक उजाडले. तोवर पाऊल एकदाच उघडून सगळे एका दमात सरळ करण्याकडे सर्जनांचा ओढा होता, आणि त्यातली बरीच पावले पुढे ताठर, दुखरी होऊन पुन्हा टेबलावर आली.

आता निदानाकडे वळतो, कारण खान्देशात हे प्रकरण जास्त महत्त्वाचे आहे असे मला वाटते.

धडगाव, अक्कलकुवा, शहादा, शिरपूरच्या वरच्या पट्ट्यातून येणारा एक रुग्ण तुम्ही नक्की पाहिला असेल, किंवा लवकरच पाहाल. विशी-पंचविशीचा भिल्ल किंवा पावरा तरुण, ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेला, खुब्यात दुखते म्हणून लंगडणारा. फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते: खुब्याचा टीबी. कोणीतरी एक्स-रेत खराब झालेला गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचे खुब्यात बसणारे टोक, पाहिला, माणूस हडकुळा, भाग टीबीचा, म्हणून टीबीची औषधे सुरू केली. पहिल्या डॉक्टरचे हे वाजवीच होते. आपल्याकडे टीबीचा विचार आधी न करणारा डॉक्टर मला तरी नको. बिघडते ते दुसऱ्या पानावर. तिथे प्रश्नचिन्ह गळून पडते. तिसऱ्या पानावर तो 'टीबीचा जुना रुग्ण' झालेला असतो. आणि औषधे घेऊन थोडा आराम पडला हे पुराव्यासारखे नोंदवले जाते. आराम पडतोच. ऊसतोड बंद झाली, खाटेवर पडून राहिला, वेदनाशामक चालू होते.

अशा वेळी मी फाइल बंद करून एकच विचारतो: या निदानात न बसणारी गोष्ट कोणती? इथे बऱ्याच निघतात. दुखणे दोन्ही खुब्यांत आहे. एक्स-रेत गोळा चपटा झालाय पण सांध्यातली फट अजून बरीच शाबूत आहे. टीबीत आजार इतका वाढल्यावर ती सहसा अरुंद झालेली असते. लहानपणी हातापायांची बोटे सुजून यायची. मधूनमधून डोळे पिवळे होतात. बहिणीला दोनदा रक्त चढवलेले. या सगळ्याला जोडणारे नाव सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे, आणि खुब्याचा गोळा रक्त न पोहोचल्याने मेलेला आहे. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल आहे हे दशकांपासून माहीत आहे. २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मोहीम काढून शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरवले तेव्हा हा पट्टा तिच्यात येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पण निदान बदलताना नवे निदानही तितक्याच कडकपणे तपासा. साधी सोल्युबिलिटी तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असे नाही; ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही फसवते, म्हणून आधी ते विचारा. गोळा चपटा होण्याआधीचा टप्पा एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. दुसऱ्या खुब्यासाठी तो करून घ्या, कारण वाचवण्यासारखा तोच आहे. आणि सिकल ठरले म्हणून टीबी आपोआप बाद होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. सिकलच्या रुग्णाला ताप आणि हाडदुखी एकदम आली तर बहुतेक वेळा तो रक्तपुरवठा तुटल्याचाच झटका असतो, पण हाडात पू असू शकतो, त्यात साल्मोनेला सापडतो, आणि शंका असेल तर सुई घालून बघावे लागते.

निदान बदलल्याने पुढचे किती बदलते ते बघा. या माणसाचा सांधा बदलायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधीपासून माहीत हवे: अंग गार पडू द्यायचे नाही, पाणी कमी पडू द्यायचे नाही, ऑक्सिजन उतरू द्यायचा नाही. मांडीच्या हाडाची नळी आतून कठीण होऊन बुजलेली असते, दांडी घालताना हाड फुटू शकते. संसर्गाचा धोका जास्त. हे सगळे टीबी लिहिलेल्या फाइलवर कोणाच्याच लक्षात आले नसते. म्हणून म्हणतो, रिव्हिजन निदानात करा, म्हणजे ते टेबलावर करावे लागत नाही.

याच्या उलटा रोगही असतो, आणि हुशार निवासी डॉक्टरांना तोच जास्त होतो: प्रत्येक रिपोर्टसरशी निदान बदलणे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेले दिसले की संसर्ग लिहून टाकतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातेच आणि काही आठवड्यांत उतरते. तिसऱ्या दिवशीच्या आकड्याने मत बदलायचे नसते, उतरत आलेला आकडा पुन्हा चढला तर बदलायचे. कंबरेच्या एमआरआयचेही तेच. १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढून पाहिले गेले. निम्म्याहून जास्त लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. तेव्हा रिपोर्टमध्ये चकती आहे म्हणून दुखणे चकतीचे, हे बदललेले निदान आधीच्यापेक्षा चांगले असेलच असे नाही. नवी माहिती किती वजनाची आहे ते तोलून मग हलायचे.

यासाठी माझ्याकडे एकच व्यवहारी उपाय आहे आणि तो लिहिण्याचा आहे. निदान लिहिताना त्याखाली दोन ओळी लिहा: याच्या विरुद्ध काय आहे, आणि काय आढळले तर मी हे बदलेन. "खुब्याचा टीबी असावा; दोन्ही बाजूंना दुखते हे बसत नाही; सिकल तपासणी पॉझिटिव्ह आली तर पुन्हा विचार." रात्रपाळीला फाइल उघडणाऱ्या ज्युनिअरला मत बदलायची परवानगी आधीच मिळालेली असते. नाहीतर सीनिअरने लिहिलेले खोडायचे धाडस आपल्याकडे कोण करतो?

आता थिसिस. लाल शाई पाहून तुम्ही बहुधा शब्द बदलायला बसाल. थांबा. गाईडने वाक्यापाशी खूण केली असली तरी दुखणे बऱ्याचदा वरच्या परिच्छेदात असते. चर्चेचे प्रकरण लांबते कारण तुम्हाला नेमके काय सापडले हे तुमचेच ठरलेले नसते. मग दुसऱ्यांचे निष्कर्ष एकामागून एक रचले जातात. तिथे शब्द सुधारणे म्हणजे तीच जाड प्लेट. आधी प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलने लिहा की हा इथे कशासाठी आहे. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो काढा, कितीही कष्टाने लिहिलेला असला तरी. लिहिलेले काढल्याने कोणाचे हाड फुटत नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे फेरबदल चालत नाही. एथिक्स कमिटीकडून मंजूर झालेला प्रश्न आणि मुख्य निकष आकडे पाहिल्यावर बदलायचा नाही. तुमचा अभ्यास उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर तो भारताच्या चाचणी नोंदवहीत आधी नोंदवावा लागतो. २००९ पासून तशी सक्ती आहे, आणि तिचा हेतूच हा आहे. हाड जुळण्याचा कालावधी मोजायला निघालात, त्यात फरक निघाला नाही, म्हणून वेदनेच्या गुणांकाला मुख्य निकष करून मांडलेत, तर ती भाषेची सुधारणा उरत नाही. फरक निघाला नाही असे लिहा. परीक्षकाला ते चालते.

दुसऱ्याच्या लिखाणात हात घालताना किती घालायचा, याचा नमुना मराठीत पैठणला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत नकला होता होता पाठ बिघडले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी, हव्या तितक्या ओव्या घालता आल्या असत्या. त्यांनी बिघडलेले पाठ तेवढे नीट केले आणि शेवटी बजावून ठेवले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे जाणावे. दुसऱ्याचे ऑपरेशन उघडताना माझ्या डोक्यात हे असते. आणि पुढची गोष्ट तुमच्या धुळ्याची: ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये, एकनाथांच्या आधीचा पाठ म्हणून, दुसरी एक जुनी प्रत संपादून छापली. तिच्यावर वाद झाले. वाद व्हायला तरी जुनी प्रत शिल्लक असावी लागते. म्हणून थिसिसचे मसुदे तारीख घालून जपा. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरेच फायनल' अशा नावांच्या फाइलींतून पुढे काही उलगडत नाही.

रुग्णाच्या कागदांत हा नियम आणखी कडक आहे. तिथे चुकलेली नोंद पुसायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, तारीख, वेळ, सही. उशिरा आठवलेली गोष्ट उशिराची म्हणूनच लिहायची, मागच्या तारखेत घुसडायची नाही. न्यायालयाचा विषय वेगळा. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की पुढच्या डॉक्टरला कालचे मत आणि आजचे मत दोन्ही दिसले पाहिजेत.

तर तुमच्या प्लेटच्या केसची ऑपरेशन नोंद लिहाल तेव्हा सुरुवात पहिले का फसले असे तुम्हाला वाटते तिथून करा, आणि ते मत कल्चर यायच्या आधीचे आहे असेही नमूद करा. काय काढले, काय ठेवले, का ठेवले. नव्या प्लेटचे आणि स्क्रूंचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवा आणि त्यांचा एक फोटो रुग्णाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण फाइल हरवते. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी मराठीत लिहा. तुटलेल्या स्क्रूचे टोक हाडात राहिले असेल तर तेही लिहा आणि निघण्याआधी घरच्यांना सांगा. पुढच्या एक्स-रेत ते कोणाला ना कोणाला दिसणारच आहे.